कुरकुरीत कोळंबी (एअर फ्रायर पद्धत)

कुरकुरीत कोळंबी हा सोललेल्या कोळंबीवर पीठ, अंडे आणि पावाचा चुरा किंवा रवा यांचे आवरण देऊन तयार केला जाणारा मांसाहारी खाद्यपदार्थ आहे. महाराष्ट्र व गोव्याच्या किनारपट्टीवर रव्यात घोळवून तळलेली कोळंबी पूर्वीपासून प्रचलित आहे. एअर फ्रायर या उपकरणाचा घरगुती वापर वाढल्यानंतर हा पदार्थ अत्यल्प तेलात, गरम हवेच्या झोतात भाजूनही केला जाऊ लागला. समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भात, उदाहरणार्थ वर्धा जिल्ह्यात, गोठवलेली सागरी कोळंबी किंवा गोड्या पाण्यातील झिंगे वापरून तो करता येतो.

तळण्याची कृती जशीच्या तशी एअर फ्रायरमध्ये केल्यास पदार्थ बहुधा फसतो. मध्यम आकाराची कोळंबी सहा ते आठ मिनिटांत पूर्ण शिजते, तर कोरडे आवरण तांबूस होण्यास गरम हवेत त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे आवरण पांढरे व पिठूळ राहते किंवा ते खरपूस होईपर्यंत कोळंबी चिवट होते. चुरा आधीच थोड्या तेलात परतून घेणे हा यावरील मुख्य उपाय असून या पद्धतीचे वेगळेपण त्यातच आहे.

## नाव

मराठीच्या निरनिराळ्या बोलींत या जलचरास निरनिराळी नावे आहेत. कोकण व मुंबई परिसरात ‘कोळंबी’ किंवा ‘कोलंबी’, तर गोवा व दक्षिण कोकणात ‘सुंगटां’ असे म्हणतात. विदर्भात ‘झिंगे’ हा शब्द रूढ असून त्याचे एकवचन ‘झिंगा’ आहे. अगदी बारीक जातीस ‘जवळा’ म्हणतात, सोलून वाळवलेल्या कोळंबीस ‘सोडे’ म्हणतात आणि वाळवलेला जवळा ‘सुकट’ या नावाने ओळखला जातो. वर्धा जिल्ह्यात मासळीच्या दुकानात ‘झिंगे’ हा शब्द ऐकू येतो, तर गोठवलेल्या पाकिटांवर ‘प्रॉन’ किंवा ‘श्रिम्प’ असे छापलेले असते. भारतीय बाजारात हे दोन्ही इंग्रजी शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात.

## पार्श्वभूमी

### आवरणाची परंपरा

मासळीला तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवणे आणि तव्यावर किंवा कढईत तळणे ही पश्चिम किनाऱ्यावरील सर्वपरिचित पद्धत आहे. अंडे व पावाचा चुरा यांचे आवरण युरोपीय संपर्कातून आले. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत पाव रुजला. कोळंबीचे सारण भरून, अंड्यात बुडवून व पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली अर्धचंद्राकृती ‘रिसॉइस’ आजही गोव्याच्या ख्रिस्ती घरांत केली जातात. जपानमधील ‘टेम्पुरा’ या तळणाच्या प्रकाराचे मूळही सोळाव्या शतकातील पोर्तुगीजांच्या सहवासात शोधले जाते. ‘एबी फुराई’ हा चुऱ्यात घोळवून तळलेल्या कोळंबीचा जपानी प्रकार पुढील काळातील आहे. त्यासाठी लागणारा जाड, हलका व अणकुचीदार चुरा ‘पांको’ या नावाने जगभर विकला जातो.

### एअर फ्रायर

गरम हवा पंख्याने फिरवून अन्न शिजवण्याची कल्पना जुनी आहे. आजच्या स्वरूपातील एअर फ्रायर मात्र डच संशोधक फ्रेड व्हान डेर वेइज यांच्या प्रयत्नांतून विकसित झाला आणि २०१० साली फिलिप्स कंपनीने तो बाजारात आणला. त्यानंतर अनेक कंपन्यांची अशी उपकरणे भारतात उपलब्ध झाली. नावात ‘फ्रायर’ असले तरी त्यात तळण होत नाही. तो वस्तुतः जोरदार पंखा असलेला लहान भट्टीचा प्रकार आहे.

## वर्धा जिल्ह्यातील कोळंबी

वर्धा जिल्हा दोन्ही समुद्रकिनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. वर्धा ते मुंबई हे रेल्वेमार्गाचे अंतर साडेसातशे किलोमीटरहून अधिक भरते. त्यामुळे येथे मिळणारी सागरी कोळंबी बर्फातून किंवा गोठवलेल्या अवस्थेतच येते. भारतात संवर्धित कोळंबीत ‘व्हॅनामेई’ या मूळच्या अमेरिकी जातीचे प्रमाण मोठे आहे. तिच्या संवर्धनास भारतात २००९ साली परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेश हे तिचे प्रमुख उत्पादक राज्य ठरले.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात केंद्र शासनाची यांत्रिक मासेमारीबंदी असते. या काळात समुद्रातील ताजी कोळंबी कमी होते. संवर्धित व गोठवलेल्या मालाचा पुरवठा मात्र सुरू राहतो.

जिल्ह्यातून किंवा त्याच्या सीमेवरून वर्धा, वणा, धाम, बोर, यशोदा या नद्या वाहतात. वर्धा नदी पुढे वैनगंगेस मिळते, तेथून प्राणहिता हे नाव सुरू होते आणि प्राणहिता गोदावरीस मिळते. गोदावरी खोऱ्यात ‘मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी’ ही गोड्या पाण्यातील कोळंबीची देशी जात आढळते. प्रौढ कोळंबी नदीच्या गोड्या पाण्यात राहते, परंतु तिच्या पिलांच्या वाढीस मचूळ पाणी लागते. त्यामुळे नदीमुखाकडून वर येण्याच्या तिच्या मार्गात धरणे व बंधारे अडथळा ठरतात. ‘मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी’ ही मोठी जात तळ्यांत व जलाशयांत बीज सोडून वाढवली जाते. विदर्भात नद्या व तलावांतील मासेमारी हा ढीवर, भोई, केवट इत्यादी समाजांचा परंपरागत व्यवसाय आहे.

विदर्भाच्या घरगुती स्वयंपाकात झिंग्यांचा रस्सा किंवा वाळवलेल्या झिंग्यांची वांग्याबरोबर केलेली भाजी अधिक परिचित आहे. आवरण देऊन केलेली कुरकुरीत कोळंबी हा येथे तुलनेने नवा प्रकार आहे.

## पद्धतीमागील शास्त्र

तळणात १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाचे तेल आवरणाच्या प्रत्येक कणास एकाच वेळी भिडते. तेलाकडून पदार्थाकडे उष्णता वेगाने जाते, आवरणातील पाण्याची वाफ होऊन ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि दोन-तीन मिनिटांत आवरण कोरडे व तांबूस होते. तेवढ्याच वेळात आतील कोळंबी शिजते. दोन्ही क्रियांचा काळ जुळत असल्याने तळणात फारशी युक्ती लागत नाही.

एअर फ्रायरमध्ये तापमान २०० अंश असले तरी हवेची उष्णता पोहोचवण्याची क्षमता तेलापेक्षा कित्येक पटींनी कमी असते. पंख्यामुळे ती वाढते, परंतु तेलाची बरोबरी होत नाही. शिवाय आवरणात ओल असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच रेंगाळते. प्रथिने व शर्करा यांच्यातील ज्या क्रियेमुळे भाजलेल्या पदार्थास तांबूस रंग व खमंग वास येतो, ती क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय माइयार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले. म्हणून आवरण प्रथम सुकते आणि त्यानंतरच त्याचा रंग पालटू लागतो.

याउलट कोळंबीचे मांस फार लवकर शिजते. मध्यभागाचे तापमान ६३ अंशांपर्यंत पोहोचले की ती खाण्यायोग्य होते. त्यानंतर उष्णता मिळत राहिल्यास प्रथिने आक्रसतात, पाणी बाहेर पडते आणि मांस रबरासारखे होते. हे पाणी आवरणाला आतून ओले करते, म्हणजे अधिक वेळ भाजल्याने आवरणाचाही फायदा होत नाही.

यातून तीन नियम निघतात. चुरा आधीच फिकट सोनेरी होईपर्यंत परतावा. कोळंबीच्या पृष्ठभागावरील पाणी पूर्ण टिपावे. चुऱ्याच्या प्रत्येक कणाला तेलाचा पातळ थर असावा. तेल उष्णता पसरवते आणि कोरडे पीठ कच्चे राहू देत नाही. या कामासाठी एक-दीड मोठा चमचा तेल पुरते, परंतु तेल पूर्णपणे वगळल्यास कुरकुरीतपणा येत नाही.

कच्च्या कोळंबीतील ‘ॲस्टाझँथिन’ हे केशरी रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलेले असल्याने तिचा रंग करडा दिसतो. उष्णतेने प्रथिनाची रचना मोडते, रंगद्रव्य मोकळे होते आणि कोळंबी गुलाबी-केशरी दिसू लागते. आवरणामुळे हा बदल झाकला जात असला तरी उघड्या ठेवलेल्या शेपटीवर तो पाहता येतो.

## साहित्य

पुढील प्रमाण तीन ते चार व्यक्तींसाठी आहे.

* डोक्यासह मध्यम-मोठी कोळंबी: ५०० ग्रॅम (साफ केल्यावर सुमारे २५० ते ३०० ग्रॅम, साधारण २० नग)
* हळद: पाव चमचा
* लाल तिखट: १ चमचा
* आले-लसणाची वाटलेली गोळी: १ चमचा
* लिंबाचा रस: १ चमचा, किंवा कोकमाचे आगळ: अर्धा चमचा
* मीठ: चवीप्रमाणे
* मैदा किंवा तांदळाचे पीठ: ३ मोठे चमचे
* अंडे: १
* पावाचा जाडसर चुरा: १ वाटी
* बारीक रवा: २ मोठे चमचे (ऐच्छिक)
* शुद्ध केलेले शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल: दीड मोठा चमचा, वरून लावण्यासाठी थोडे अधिक

## कृती

### कोळंबीची तयारी

कोळंबीचे डोके व पाठीवरील कवच काढतात. शेपटीचे टोक धरण्यासाठी ठेवले जाते. पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा, म्हणजे आतडे, काढतात. त्यात वाळू असल्यास ती दाताखाली येते. पोटाच्या बाजूने दोन-तीन आडवे उथळ छेद दिल्यास कोळंबी भाजताना फार वाकत नाही.

गोठवलेली कोळंबी रात्रभर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवावी. घाई असल्यास बंद पिशवीत घालून थंड पाण्यात अर्धा तास ठेवतात. गरम पाण्यात वितळवल्यास बाहेरचे मांस अर्धवट शिजते. अनेक पाकिटांत कोळंबीवर बर्फाचा थर असतो, म्हणून खरेदी करताना निव्वळ वजन पाहणे हिताचे ठरते. वितळल्यानंतर ती चाळणीत निथळून स्वच्छ कापडाने कोरडी करतात. ही पायरी वगळल्यास आवरण गळून पडते.

### मुरवणे

हळद, तिखट, आले-लसूण, लिंबाचा रस व मीठ लावून कोळंबी शीतकपाटात १५ मिनिटे ठेवतात. आंबट पदार्थात अधिक वेळ ठेवल्यास मांसातील प्रथिने घट्ट होऊन भाजण्यापूर्वीच पोत बिघडतो. मिठाने सुटलेले पाणी पुन्हा टिपून घेतात.

### चुरा परतणे

आदल्या दिवशीचे पाव हाताने कुस्करून किंवा मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवून जाडसर चुरा करतात. फार बारीक चुरा एकमेकांस चिकटून कडक थर बनवतो. कढईत दीड मोठा चमचा तेल घालून मंद आचेवर चुरा चार ते पाच मिनिटे सतत हलवत परततात. रवा वापरायचा असल्यास तो आधी घालून दोन मिनिटे परततात, मग चुरा मिसळतात. रंग फिकट सोनेरी झाला की चुरा ताटात पसरून पूर्ण गार करतात. भाजताना तो आणखी एक छटा गडद होतो, म्हणून कढईत पूर्ण तांबूस करू नये.

### आवरण देणे

तीन ताटल्यांत अनुक्रमे पीठ, फेटलेले अंडे व परतलेला चुरा घेतात. कोळंबी शेपटीकडून धरून प्रथम पिठात घोळवतात व जास्तीचे पीठ झटकतात. नंतर ती अंड्यात बुडवून निथळतात आणि शेवटी चुऱ्यात ठेवून तळहाताने हलकेच दाबतात. पीठ ओल शोषते, अंडे पीठ व चुरा यांना जोडते. एक हात कोरड्या जिन्नसांसाठी व दुसरा अंड्यासाठी राखल्यास बोटांवर गोळे जमत नाहीत. आवरण दिलेली कोळंबी दहा मिनिटे शीतकपाटात ठेवल्यास चुरा पक्का बसतो.

अंडे वर्ज्य असल्यास तांदळाचे पीठ व बेसन यांची दाटसर पेज वापरतात. मात्र भज्यांसारखे नुसते पातळ पीठ लावून कोळंबी एअर फ्रायरमध्ये ठेवता येत नाही. तेलात ते तत्काळ घट्ट होते, हवेत मात्र जाळीतून खाली गळते.

### भाजणे

उपकरण २०० अंश सेल्सिअसवर तीन ते पाच मिनिटे आधी तापवतात. जाळीला तेलाचा हात लावून कोळंबी एका थरात, एकमेकींना न चिकटवता मांडतात. साधारण चार लिटरच्या टोपलीत एका वेळी १० ते १२ नग मावतात, त्यामुळे वरील प्रमाणासाठी दोन घाण लागतात. वरून ब्रशने किंवा फवाऱ्याने किंचित तेल लावतात. चार मिनिटांनी कोळंबी चिमट्याने उलटून आणखी दोन ते चार मिनिटे भाजतात.

भाजण्याचा काळ आकारावर अवलंबून असतो.

* लहान कोळंबी: एकूण ५ ते ६ मिनिटे
* मध्यम कोळंबी: एकूण ६ ते ८ मिनिटे
* मोठी कोळंबी: एकूण ८ ते १० मिनिटे
* कारखान्यात आवरण दिलेली गोठवलेली कोळंबी: न वितळवता, पाकिटावरील सूचनेनुसार

उपकरणागणिक फरक पडत असल्याने पहिल्या घाण्यातील एक नग मध्ये कापून पाहणे उचित असते. आतील मांस अपारदर्शक पांढरे व रसदार असावे. सैल वळलेली कोळंबी योग्य शिजलेली आणि घट्ट वेटोळे झालेली अधिक शिजलेली, अशी ढोबळ खूण मानली जाते. पोटाकडे छेद दिले असल्यास ही खूण लागू पडत नाही.

## संभाव्य दोष व त्यांची कारणे

* आवरण पांढरे व पिठूळ राहणे: चुरा आधी परतलेला नसणे, तेल न लागणे किंवा पिठाचा थर जाड होणे.
* आवरण सुटणे: कोळंबी ओली असणे, पीठ न लावता थेट अंड्यात बुडवणे किंवा चार मिनिटांच्या आत उलटणे.
* खालची बाजू मऊ राहणे: टोपलीत दाटी होणे. हवा सर्व बाजूंनी फिरली नाही, तर वाफ अडकते.
* कोळंबी चिवट होणे: अधिक वेळ भाजणे किंवा आंबट पदार्थात जास्त वेळ मुरवणे.
* चुरा जाळीत उडणे: चुरा न दाबणे. पंख्याच्या झोताने सुटे कण तापकाकडे उडून करपतात व धूर होतो.
* रवा कचकचणे: कोरडा, कच्चा रवा जाड थरात लावणे. तळणात तो तेलात खुलतो, कोरड्या हवेत मात्र कच्चा राहतो.

## स्थानिक पर्याय

वर्धा जिल्ह्यात पावाच्या चुऱ्याऐवजी घरात सहज असणारे पदार्थ वापरता येतात. चहासोबत खाल्ल्या जाणाऱ्या टोस्टचा चुरा मुळातच दोनदा भाजलेला असल्याने लवकर कुरकुरीत होतो. परंतु त्यात साखर असल्यामुळे तो करपण्याचा संभव असतो, म्हणून तापमान १८० अंश ठेवतात. पातळ पोहे भाजून व चुरडून वापरल्यास हलके, खडबडीत आवरण मिळते. मैद्याच्या जागी ज्वारीचे पीठ चालते. गव्हातील ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांसाठी ज्वारीचे पीठ व पोह्यांचा चुरा ही जोडी उपयोगी ठरते.

तेलाची निवडही महत्त्वाची आहे. वऱ्हाड-नागपूर भागात जवसाचे तेल स्वयंपाकात वापरण्याची परंपरा असून सावजी रश्श्याशी त्याचे नाते जोडले जाते. अशुद्धीकृत जवस तेलाचा धूरबिंदू मात्र सुमारे १०७ अंश सेल्सिअस इतका कमी आहे. २०० अंशांच्या हवेत त्याचा धूर होतो व चव कडवट होते, त्यामुळे या पद्धतीत ते टाळतात. वर्ध्यात १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीतून सुधारित बैलघाणीचा प्रसार केला आणि ती ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली. घाणीच्या शेंगदाणा तेलाचा धूरबिंदूही शुद्ध केलेल्या तेलापेक्षा कमी असतो. ते वापरायचे असल्यास चुरा मंद आचेवर परततात आणि उपकरणाचे तापमान १८० अंशांवर ठेवून वेळ एक-दोन मिनिटांनी वाढवतात.

गोड्या पाण्यातील झिंगे वापरताना दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. त्यांचे डोके मोठे असल्याने त्याच वजनात मांस कमी मिळते. शिवाय डोक्यातील पाचक ग्रंथींच्या विकरांमुळे मृत्यूनंतर मांस लवकर भुसभुशीत होते. म्हणून झिंगे विकत घेताच डोके काढून, धुऊन बर्फात ठेवणे आवश्यक असते.

## सुरक्षितता

### ताजेपणा व शीतसाखळी

वर्ध्याचा उन्हाळा अत्यंत प्रखर असतो आणि कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढेही जाते. नाशवंत अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक आणि ३२ अंशांवरील तापमानात एका तासाहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा प्रचलित संकेत आहे. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत बाजारातून कोळंबी आणताना सोबत बर्फाचा डबा असणे गरजेचे ठरते. मुरवणे व आवरणानंतरची विश्रांती या दोन्ही पायऱ्या शीतकपाटातच कराव्यात. एकदा पूर्ण वितळलेली व उबदार झालेली कोळंबी पुन्हा गोठवू नये.

ताज्या कोळंबीस समुद्राच्या किंवा नदीच्या पाण्यासारखा सौम्य वास असतो व मांस घट्ट असते. अमोनियासारखा उग्र वास, बुळबुळीत पृष्ठभाग व सैल पडलेले डोके ही बिघाडाची लक्षणे होत. कवचावरील काळे डाग विकरांच्या क्रियेने पडतात. केवळ डागांवरून कोळंबी खराब ठरत नाही, परंतु ती जुनी असल्याची शंका घेण्यास जागा असते. भाजल्याने किंवा मसाल्याने बिघडलेली कोळंबी खाण्यायोग्य होत नाही.

### ॲलर्जी

कोळंबी हे अन्नजन्य ॲलर्जीचे एक प्रमुख कारण आहे. तिच्या मांसातील ‘ट्रोपोमायोसिन’ हे प्रथिन यास मुख्यतः कारणीभूत असते. ते उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे पूर्ण शिजवलेली कोळंबीही ॲलर्जी असलेल्या व्यक्तीस अपायकारक ठरते. अशा व्यक्तीस खेकडा व शेवंड यांचाही त्रास होऊ शकतो. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते. समुद्रापासून दूरच्या प्रदेशात कोळंबी प्रथमच खाणाऱ्यांची संख्या अधिक असते, म्हणून पाहुण्यांना वाढण्यापूर्वी विचारणे इष्ट ठरते. त्याच टोपलीत नंतर भाजलेल्या बटाट्यासारख्या पदार्थातही कोळंबीचा अंश राहू शकतो. या पदार्थात अंडे व गहू हे इतर दोन ॲलर्जीकारक घटकही असतात.

### उपकरणाचा वापर

घरगुती एअर फ्रायर बहुधा १,४०० ते १,५०० वॅट क्षमतेचे असतात. २३० व्होल्टवर १,५०० वॅटचे उपकरण साडेसहा अँपियर विद्युतप्रवाह घेते, म्हणून ते ६ अँपियरच्या लहान सॉकेटऐवजी १६ अँपियरच्या सॉकेटला जोडतात. दहा मिनिटांच्या वापरास जास्तीत जास्त पाव युनिट वीज लागते. गरम हवा बाहेर पडण्यासाठी मागील बाजूस मोकळी जागा ठेवावी लागते.

## पोषण

१०० ग्रॅम कच्च्या कोळंबीत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात व मेद एक ग्रॅमच्या आसपास असतो. कोलेस्टेरॉलचे प्रमाण मात्र १५० मिलिग्रॅमहून अधिक भरते. तळलेल्या प्रकारात मेदाचे प्रमाण प्रामुख्याने आवरणाने शोषलेल्या तेलामुळे वाढते. एअर फ्रायर पद्धतीत सर्व तेल मोजून घातलेले असल्याने ते नियंत्रणात राहते. पीठ, चुरा व मीठ यांचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखेच असते.

तळणानंतर कढईत उरणाऱ्या तेलाचा प्रश्नही या पद्धतीत उद्भवत नाही. मासळीच्या वासाचे तेल इतर पदार्थांना वापरता येत नाही आणि वारंवार तापवल्याने त्यात अपायकारक घटक वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली असून ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात हे मापन शक्य नसते.

पिष्टमय पदार्थ उच्च तापमानात फार गडद होईपर्यंत भाजल्यास त्यात ‘ॲक्रिलामाइड’ हे संयुग तयार होते. हे तळण व भाजणे या दोन्हींस लागू असल्याने आवरण सोनेरी रंगावर थांबवणे योग्य मानले जाते.

## वाढणी

कुरकुरीत कोळंबी भाजल्यावर लगेच वाढतात. ताटात रचून किंवा झाकून ठेवल्यास वाफेने आवरण मऊ पडते. म्हणून दुसरा घाणा होईपर्यंत पहिला जाळीवर उघडा ठेवतात आणि शेवटी दोन्ही एकत्र करून एक मिनिट गरम करतात. सोबत लिंबाची फोड, कांद्याच्या चकत्या, हिरवी चटणी किंवा सोलकढी दिली जाते. विदर्भात ती वरण-भातासोबत तोंडी लावणे म्हणूनही घेता येते. उरलेली कोळंबी शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावी. ती १८० अंशांवर तीन मिनिटे गरम केल्यास आवरण बऱ्याच अंशी पूर्ववत होते, मायक्रोवेव्हमध्ये मात्र ते मऊ होते.

## हेही पहा

* कोळंबी
* सोलकढी
* सावजी खाद्यसंस्कृती
* मालवणी खाद्यसंस्कृती
* वर्धा नदी